नर्सिंगचा कोर्स निवडताना आमच्या मुलामुलींना वाट दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. बारावीचा निकाल लागला की पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडून पालक येतात ते ‘मुलीला नर्सिंगला घालायचं’ एवढंच ठरवून. कुठल्या नर्सिंगला, हे तुम्ही निवृत्तीनंतरही त्यांच्यासोबत बसून उलगडून सांगता. त्यासाठी नाशिकमधल्या आम्हा बारावीच्या शिक्षकांकडून मनापासून आभार.

तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होणार का, आणि कोणती? सहा महिन्यांचे, वर्षभराचे ‘नर्सिंग असिस्टंट’ कोर्स तिथंच गळतात. त्यांवर काम मिळतं, पण परिचारिकेच्या सरकारी जागेचा फॉर्म भरता येत नाही.

ए.एन.एम. म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका कोर्स, त्याबद्दलही तुम्ही स्पष्ट बोलता. 2 वर्षांचा कोर्स, पुढे उपकेंद्रात आरोग्य सेविकेचं काम. ज्या मुलीला गावपातळीवर राहून हेच काम करायचंय, तिनं जरूर घ्यावा. मात्र जी.एन.एम.ची (स्टाफ नर्स होण्याच्या पदविकेची) पायरी म्हणून घेऊ नये, कारण ही 2 वर्षं तिकडे वजा होत नाहीत. पुन्हा पहिल्या वर्षापासूनच सुरुवात.

खरी ओढाताण जी.एन.एम. की बी.एस्सी. (नर्सिंगची पदवी) यात असते, आणि तिथं तुम्ही सरळ हिशेब मांडता. जी.एन.एम. 3 वर्षं, त्यावर पोस्ट बेसिक बी.एस्सी. 2 वर्षं, म्हणजे पदवीला 5 वर्षं. थेट बी.एस्सी. 4 वर्षांत होते. शिवाय पोस्ट बेसिक पूर्णवेळ, म्हणजे हातातला पगार सोडणं आलं. म्हणून फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी असेल, गुणांची अट बसत असेल, तर ‘एक वर्ष वाचेल’ म्हणून जी.एन.एम. धरू नका, हे तुमचं म्हणणं आम्हाला शंभर टक्के पटतं. आर्ट्सच्या मुलीसाठी मात्र जी.एन.एम. हीच चांगली वाट आहे, आणि ती तिथं संपत नाही, हेही तुम्हीच आवर्जून सांगता.

आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळला, त्यामुळे सगळं तिथूनच होतं असा इथं अनेकांचा समज. बी.एस्सी.ची संलग्नता त्या विद्यापीठाची, पण प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत (प्रवेश परीक्षा घेणारा कक्ष), जी.एन.एम.ची परीक्षा तर वेगळ्याच राज्य मंडळाची. कॉलेज बघताना इमारतीऐवजी त्यांचं स्वतःचं किमान 100 खाटांचं रुग्णालय आहे का आणि वॉर्डात खरोखर पेशंट आहेत का, ते बघायला तुम्ही पालकांना लावता. रिकाम्या वॉर्डात इंजेक्शन देणं कोण शिकणार?

सगळ्यात मोलाची ठरली ती अनुभवाच्या दाखल्याची गोष्ट. एम्सच्या नॉरसेट परीक्षेला (नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा) बी.एस्सी. झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जी.एन.एम. झालेल्यांना मात्र किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला 2 वर्षांचा अनुभव लागतो. घराजवळच्या 15-20 खाटांच्या हॉस्पिटलमध्ये कितीही राबलं तरी तो अनुभव इथं मोजत नाहीत. म्हणून नोकरी धरतानाच खाटा विचाराव्यात. दाखल्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, ‘स्टाफ नर्स’ हे पद आणि खाटांची संख्या लिहून घ्यावी, सोबत नेमणुकीचं पत्र आणि पगाराच्या बँक नोंदीही जपाव्यात. नोकरी सोडल्यावर मागे फिरून हे कागद मिळवणं फार जड जातं.

एम.एस्सी.ची घाई करणाऱ्यांना तुम्ही आधी वॉर्डात पाठवता. बी.एस्सी.नंतर एक वर्षाचा अनुभव आणि 55 टक्के ही अट आहेच, पण त्या वर्षात आयसीयू, लेबर रूम की बालरोग, आपला ओढा कुठं आहे तेही कळतं, हा तुमचा सल्ला अटीपेक्षा मोठा आहे.

येत्या निकालानंतर सिन्नर आणि दिंडोरीच्या पालकांनाही तुम्हाला भेटायचं आहे. तारीख तुमच्या सोयीनं कळवा. खोली, फळा आणि मुलांच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स आम्ही तयार ठेवू.

आपले कृतज्ञ,
नाशिकमधील कनिष्ठ महाविद्यालयांचे काही शिक्षक