जमिनीवरच्या सूर्य-दुर्बिणींबद्दल पण छापा

मा. संपादक, नमस्कार.

सूर्याचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी आदित्य एल१ या आपल्या सूर्य-यानावरच थांबते, त्यातला सूर्याचे फोटो काढणारा ‘सूट’ (SUIT) कॅमेरा आपल्या आयुका या खगोल संस्थेने केलाय याचा पुणेकर म्हणून मलाही अभिमान आहेच, पण जमिनीवरच्या दुर्बिणींबद्दल पण छापा की राव. हवाईत हालेआकाला डोंगरावर ४ मीटर आरशाची इनोये सौर दुर्बीण आहे, आरशावर १२-१३ किलोवॅट ऊन पडतं, म्हणजे घरचे सहा गिझर एकदम चालू! ती उष्णता काढायला रात्री बर्फ बनवून ठेवतात. खरी गंमत अलाइनमेंटची, म्हणजे आरसे अचूक जुळवण्याची. दुसरा आरसा उजेडाच्या आड येऊ नये म्हणून मुख्य आरसा मुद्दाम ऑफ-अ‍ॅक्सिस (अक्षाच्या एका बाजूला) घेतलाय, म्हणजे जुळवताना धरायला मधला अक्ष आरशावर नाहीच. मी भोसरीत तीस वर्षं मोटर-पंपाचे शाफ्ट डायल गेज लावून जुळवले, काटा जरा जास्त हलला की बोल्ट परत ढिले, त्यामुळे हे वाचूनच घाम फुटला. लडाखात मेरकला आपली २ मीटरची व्हायचीय, तिचं काम कुठवर आलं ते एकदा नीट लिहा, राशिभविष्याची अर्धी जागा पुरेल.

- एक रिटायर्ड फिटर, पुणे