साखळीच निघाली, बाबा

लान्ड्सहूट, जर्मनी
रविवार, 28 सप्टेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार. चि. गौरीला अनेक आशीर्वाद.

मी इथे मजेत आहे. तब्येत ठीक, नोकरी ठीक, मागचा खोकलाही गेला. गोडा मसाला अजून अर्धी बरणी आहे, तेव्हा कुणाबरोबर काही पाठवायची धडपड करू नका. रोजचं तुम्हाला ठाऊकच आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

पत्र लिहायला बसलो त्याला कारण आहे, माझी जुनी बीएमडब्ल्यू एम 5. मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "इंजिनाला सगळा मिळून खर्च किती आला?" आणि मी "आवाज तुटतोय" म्हणून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. आकडा तोंडातून निघत नव्हता. पत्रात लिहितो, पण आधी बाकीचं सांगू द्या.

बाबा, तुम्ही म्हणालात तशी दोष साखळीचाच निघाला. जुलैमध्ये सकाळच्या पहिल्या स्टार्टचा आवाज मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. इथल्या दोघा मेकॅनिकांनी टॅपेट म्हणून सोडून दिलं होतं. तुम्ही तो अर्ध्या मिनिटाचा आवाज तीनदा ऐकलात आणि म्हणालात, "टॅपेट एका तालात वाजतं. हे सुपात खडे घोळवल्यासारखं वाजतंय आणि दोन सेकंदांत थांबतंय. तेलाचा दाब आल्यावर थांबतंय म्हणजे साखळी सैल आहे. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरव." उतरवलं. तळाच्या गाळात प्लास्टिकचे तीन तुकडे सापडले. तपकिरी, नखाएवढे, कडेला बोट दाबलं की भुगा व्हावा असे. टायमिंग चेन ज्या पट्टीवरून सरकत जाते तिचे तुकडे. दोन लाख चाळीस हजार किलोमीटर झाले आणि पंचवीस वर्षं गरम-गार, गरम-गार होऊन त्या प्लास्टिकचा पापड झाला होता. यात बनवणाऱ्याचा दोष नाही, वयाचा आहे. तशीच दामटली असती तर एक दिवस साखळी दात सोडून पुढे गेली असती, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले असते आणि आठही सिलिंडरचं भंगार झालं असतं. फिटरला मी सांगितलं की वडील नाशिकला मायकोमध्ये नोझल सेक्शनला होते, त्यांनी फोनवर ऐकून ओळखलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग एक तुकडा कागदाच्या पुडीत बांधून दिला आणि म्हणाला, वडिलांना पाठव. ती पुडी या पाकिटात आहे. आई, कचरा समजून फेकू नकोस.

इंजिनाची पुढची सगळी बाजू उघडावी लागली. पट्ट्या, टेन्शनर, सील, वॉटर पंप, पाण्याचे पाइप, पाण्याची टाकी. एकदा उघडलंच आहे तर शेजारचंही बदलून घे, हे तुमचंच शिकवलेलं. तेल, ब्रेक पॅड, प्लग असली कामं मात्र मी स्वतः केली. इथे तासाच्या भाड्याने लिफ्ट आणि पाने मिळतात, आपली गाडी आपण वर चढवायची आणि काम करायचं. दोन शनिवार त्यात गेले. हाताला लागलं वगैरे काही नाही, आईने विचारण्याआधीच सांगतो.

आई, गौरीने तुला मोबाइलवर दाखवलं की ही गाडी अडीचशेने धावते. खरं आहे. कंपनीने ती अडीचशेवर बांधून ठेवली आहे, नाहीतर अजून पळेल. पण ती किती पळू शकते आणि मी किती पळवतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथून म्यूनिकला जाणाऱ्या ए 92 वर काही टप्प्यांत वेगमर्यादाच नाही, तरी सरकारची शिफारस 130 ची आहे आणि मी त्याच्या आतच असतो. एकदा पहाटे रस्ता रिकामा होता तेव्हा एकशे नव्वदवर नेली होती. तुझ्याशी खोटं बोलवत नाही म्हणून लिहिलं. लगेच कमीही केली. मोठा ब्रेक, चांगले टायर, जवळजवळ अठराशे किलो वजन, रस्त्याला धरून बसते ती. कॉलेजला असताना मी ज्या स्कूटरवरून गंगापूर रोडला जायचो, तिच्यापेक्षा या गाडीत मी कितीतरी सुरक्षित आहे.

शिवाय गाडी रस्त्यावर आणण्याजोगी आहे की नाही हे इथे मालकाच्या मनावर सोडलेलं नाही. याचं मला आल्यापासून नवल वाटत आलंय, म्हणून नीट सांगतो. मागच्या नंबर प्लेटवर रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी एक गोल टिकली चिकटवलेली असते. दर दोन वर्षांनी गाडी तपासायला न्यायची, पास झाली तर नवी टिकली. टिकलीचा रंग म्हणजे वर्ष: 2025 ची नारिंगी, 2026 ची निळी, 2027 ची पिवळी, असे सहा रंग फिरत राहतात. मधे वर्षाचा आकडा आणि कडेने बारा महिन्यांचे आकडे, पण उलटे, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने. ज्या महिन्यात तपासणी संपते तो आकडा वर येईल अशी ती फिरवून चिकटवतात. बाराच्या आकड्याजवळ काळा जाड पट्टा असतो. आकडे उलटे असल्यामुळे गंमत अशी होते की नऊचा आकडा वर आला की तो काळा पट्टा घड्याळात नऊ वाजतात तिथे जातो, तीनचा वर आला की तीन वाजतात तिथे. म्हणजे मागून येणाऱ्या पोलिसाला आकडा वाचायचीही गरज नाही. रंगावरून वर्ष, पट्ट्यावरून महिना. आणि नुसता पोलिसच बघतो असं नाही. आमच्या इमारतीतल्या आजोबांनी ऑगस्टमध्येच मला लिफ्टपाशी गाठून सांगितलं, "तुमची सप्टेंबरमध्ये संपतेय बरं का." दुसऱ्याच्या गाडीची टिकली बघून आठवण करून देणं इथे शेजारधर्म समजतात. आधी मला राग आला होता, आता मीही दुसऱ्यांच्या टिकल्या वाचतो.

तपासणारा गाडीखाली दिवा घेऊन जातो, लोखंडी पहार लावून प्रत्येक सांधा हलवून बघतो, गंज टोकरतो, ब्रेक रोलरवर चढवून डाव्या-उजव्या चाकाचा जोर मोजतो, दिव्यांचा झोत, धूर, सगळं. किरकोळ दोष असला तर टिकली देतात आणि दुरुस्त करून घ्या म्हणतात. मोठा दोष असला तर टिकली नाही, महिन्याभरात दुरुस्त करून पुन्हा या. माझी पहिल्या खेपेला नापास झाली. पुढच्या आर्मचा रबरी बुश फाटला होता. तो बदलला आणि परवा शुक्रवारी पास झाली. पिवळी टिकली लागली, नऊचा आकडा वर. 2027 पर्यंत काळजी नाही. तेव्हा बाबा, "पंचवीस वर्षांची गाडी म्हणजे भंगार" हे तुमचं म्हणणं निदान इथल्या सरकारला मान्य नाही. उलट तीस वर्षं पूर्ण झाली आणि मूळ स्वरूपात चांगली राखलेली असली तर जुन्याचा मान म्हणून नंबराच्या शेवटी एच अक्षर मिळतं आणि वर्षाचा कर 191 युरोंवर येतो. आता मी इंजिनाच्या आकारावर सव्वातीनशेच्या वर भरतो. माझी गाडी 2000 सालची, म्हणजे 2030 मध्ये.

तुम्ही विचारता, नवी छोटी का घेत नाहीस. हप्त्यावर सहज मिळेल, हे मला कळतं. पण ही एम 5 1998 ते 2003 एवढीच पाच वर्षं निघाली, सगळ्या मिळून वीस हजारांच्या थोड्या वर. आणि बनली कुठे, तर इथून तीसेक किलोमीटरवर, डिंगोल्फिंगला. जी इझार नदी माझ्या खिडकीखालून जाते तीच पुढे डिंगोल्फिंगला जाते. दिसायला साधी चार दारांची गाडी, शाळेच्या हेडमास्तरांची वाटेल अशी. आत 4941 सीसीचं व्ही-8, टर्बो नाही, आठ सिलिंडरना आठ स्वतंत्र थ्रॉटल. आपल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं होतं, तशी साडेचार झाली. गिअर हाताने टाकायचे, सहा. आणि तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट तिच्या आरपीएमच्या काट्याभोवती आहे. गार इंजिन चालू केलं की काट्याच्या वरच्या भागात नारिंगी दिव्यांची रांग पेटते, आणि तेल तापत जाईल तसा एकेक दिवा विझत जातो. दिवे आहेत तिथवर काटा न्यायचा नाही. "गार इंजिनाला पळवायचं नाही, माणसाला झोपेतून उठवून पळवतात का," हे तुम्ही मला पद्मिनीत बसवून सांगायचात. इथे कुणीतरी तेच दिव्यांनी लिहून ठेवलंय. रोज सकाळी ते विझायची वाट बघत मी नदीकाठच्या रस्त्याने हळू जातो.

पद्मिनी फार आठवते. कसारा घाट चढून इगतपुरीला आलो की तुम्ही बॉनेट उघडायचात, ओलं फडकं रेडिएटरच्या झाकणावर टाकून पाव वळसा फिरवायचात आणि वाफ जाईपर्यंत मला मागे उभं करायचात. आई तेवढ्यात डबा काढायची. 2013 मध्ये ती सिन्नरच्या माणसाला दिलीत, तेव्हा म्हणालात, आता कोण चालवणार आहे, उगाच जागा अडवते. मी ते तेव्हा खरं मानलं.

गुरुवारी दसरा. मला सुट्टी नाही, संध्याकाळी घरी आल्यावर तळघरातल्या पार्किंगमध्ये पूजा करीन. खंडेनवमीला पाने, सॉकेटचा डबा आणि तुमचं फटी मोजायचं फीलर गेज पुसून पाटावर मांडणार आहे. झेंडू इथे बागेत लावतात. शेजारच्या आजींनी त्यांच्या वाफ्यातली सात फुलं कापून देते म्हणून सांगितलंय. आपट्याची पानं नाहीत. कालिकेच्या जत्रेला गेलात तर माझ्या वतीने नारळ फोडा. गर्दीत आत शिरू नका, बाबा, बाहेरूनच.

आता तो आकडा. 5200 युरो. आजच्या भावाने सव्वापाच लाखांच्या पुढे. त्यात गाडीची मूळ किंमत धरलेली नाही, ती तुम्हाला चार वर्षांपूर्वीच सांगितली होती, तेव्हा तुम्ही दोन दिवस बोलला नव्हतात. निम्मं काम झाल्यावर थांबता येत नव्हतं. उघडलेलं इंजिन विकलं असतं तर काहीच हाती लागलं नसतं, हा विचार मी रात्र रात्र केला. म्हणून गौरीच्या लग्नाच्या कार्यालयासाठी दिवाळीच्या आत चार लाख पाठवीन म्हणालो होतो त्याऐवजी परवा दोनच पाठवले. उरलेले दोन नोव्हेंबरच्या पगाराबरोबर नाताळचा बोनस येतो त्यातून नक्की पाठवतो. तोवर एफडी मोडू नका, मी हात जोडून सांगतो. कार्यालयवाल्यांना मी स्वतः फोन करीन. गौरी, तुझ्या लग्नात काही कमी पडणार नाही.

आणि दिवाळीला येत नाहीये. रजेचं कारण फोनवर सांगितलं होतं, पण रजा मिळत होती. तिकिटाचे बाजूला ठेवलेले पैसे वॉटर पंपात आणि मजुरीत गेले. फेब्रुवारीत लग्नाला तीन आठवडे येतोय, ते तिकीट काढून झालंय, त्याला मी हात लावलेला नाही. आई, भाऊबीजेला गौरीला माझ्याकडून ओवाळणी तू घाल, हिशेबात धर. फराळ पाठवू नकोस, टपालात चकल्यांचा चुरा होतो.

ओझरच्या स्थळाचं. मी दोनदा बोललो तिच्याशी, तुम्हाला सांगितलं एकदाच. मुलगी समजूतदार आहे, बोलायला मोकळी आहे. तिने विचारलं, जुनी गाडी परवडते म्हणून ठेवलीय की आवडते म्हणून? मी सांगितलं, आवडते म्हणून, आणि परवडताना जड जातं. ती म्हणाली, ठीक आहे, खरं सांगितलंत. त्यांच्या घरच्यांनी नाशिकला फ्लॅट आहे का विचारलं तर नाही म्हणून सांगा. गंगापूर रोडचं बुकिंग या वर्षी होणार नाही. इथलं घर भाड्याचं आहे, गाडीवर कर्ज नाही, एवढंच सांगा. पत्रिका-बित्रिका फेब्रुवारीनंतर. आधी मी तिला समोर भेटतो.

काळजी करू नका. मी खरंच बरा आहे.

तुमचा,
अमोल

ता. क. बाबा, गौरी म्हणाली गुडघ्याचा एक्स-रे तुम्ही दोन महिने टाळताय आणि जिना उतरताना कठड्याला धरता. या आठवड्यात काढून घ्या. पैसे मी वेगळे पाठवलेत, ते दोन लाखांत धरू नका. फिल्म खिडकीशी धरून फोटो काढायला गौरीला सांगा आणि तो मला पाठवा.