आईच्या गुडघ्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

संक्रांतीला आले तेव्हा आईला ओट्याच्या पायऱ्या उतरताना पाहिलं, ते डोळ्यांपुढून जात नाही. चौकट घट्ट धरून, तिरकी होऊन, आधी डावा पाय खाली, मग त्याच पायरीवर उजवा. पऱ्हाट्यांच्या जाळाशी उकिडवं बसून भरताची वांगी भाजणारी माझी आई यंदा खुर्चीतून नुसती वांगी पुढे करत होती.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, कापसाचे पैसे आलेत, रोबोनंच गुडघे बदलायचं ऑपरेशन करू, दोन्ही एकदाच उरकू. तुमचा जीव मला कळतो. पण घाई नको.

रोबो एकटा ऑपरेशन करत नाही. बहुतेक रोबो हाड कुठे, किती कापायचं हे नेमकं दाखवतात, हात सर्जनचाच; काही रोबो हाड कापतातही, पण सर्जनच्या देखरेखीखाली. रोबोमुळे पुढे दुखणं कमी राहतं किंवा चालणं जास्त सुधारतं, असं अजून ठाम दिसलेलं नाही. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं, की पूर्ण बदललेल्या १०० गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षं टिकतात. बाबा, ते सगळे जुन्या, हातानं करायच्या पद्धतीचे! कृत्रिम सांध्याची किंमत सरकारनं २०१७ मध्येच बांधली, तेव्हा नेहमीच्या सांध्याला कर सोडून ५४,७२० रुपये. रोबोचे पैसे त्यावर वेगळे.

डॉक्टरांमधला खरा वाद पायाच्या रेषेचा आहे. जुनी पद्धत खुब्यापासून घोट्यापर्यंत पाय सरळ करते. नवी म्हणते, मुळातच बाक असेल तर तो राहू द्या. आई, तुझे पाय झिजेनं बाकले की आधीपासूनच तसे होते? मावशीचेही तसेच आहेत, म्हणून विचारते. झीज फक्त आतल्या बाजूला असेल तर अर्धा गुडघा बदलूनही भागतं, तेही विचारायचंय.

दोन्ही एकदम मात्र नकोच. आईला शुगर आहे, दोन्ही एकदम केले तर हृदयावर ताण येतो, रक्ताच्या गुठळ्यांची भीती वाढते. आधी जास्त दुखणारा करू. रोबो आहे का, यापेक्षा वर्षाला किती गुडघे करता, हे मी डॉक्टरांना विचारणार आहे.

शनिवारी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं जळगावला उतरते. तोवर आईचा उभं राहून काढलेला एक्स-रे करून ठेवा, आणि ते पाकीट गादीखाली ठेवू नका, वाकतं.

तुमची,
ताई