आमटीचा डाव आणि चेशरची तळी

चेशर, इंग्लंड
मे महिना

ती. आबांना, साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढं शिकून तिकडे डबकी ढवळतेस होय?" मागून आई हसली आणि नेमकी रेंज गेली. म्हणून हे पत्र. हो आबा, डबकीच ढवळते. तीही आमटीच्या डावासारख्या लांब दांड्याच्या डावाने.

इथे शेताशेतांत तळी आहेत. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी खड्डे खणून चुन्याची चिकणमाती काढली आणि वावरात पसरली. पुढे खड्ड्यांत पाणी साचलं. तुम्ही पाझर तलावाचा गाळ ट्रॉलीने आणून शेतात टाकला होतात ना, तसंच. फक्त इथल्या खड्ड्यांत आता न्यूट राहतो. दिसायला पालीसारखा, पण बेडकांचा भाऊबंद. वीतभर लांब, अंग काळपट, पोट नारिंगी आणि त्यावर काळे ठिपके. विणीच्या दिवसांत नराच्या पाठीवर करवतीसारखा तुरा येतो. मादी एकेक अंडं पाण्यातल्या पानात दुमडून ठेवते, विडा बांधावा तसं. याला कायद्याचं संरक्षण आहे. तो जवळच्या तळ्यात असेल तर घरं बांधणाऱ्याला आधी त्याची सोय लावावी लागते.

पण तो आहे की नाही, हे कळायचं कसं? पूर्वी रात्री बॅटरी घेऊन काठाकाठाने फिरायचं, संध्याकाळी बाटल्यांचे सापळे लावायचे आणि पहाटे उठून तपासायचे. अशा निदान चार फेऱ्या. आता मी दिवसाढवळ्या एकदाच जाते. न्यूटच्या कातडीचे कण, लाळ, विष्ठा यांतून त्याचा डीएनए पाण्यात उतरतो आणि काही आठवड्यांत विरून जातो. म्हणजे पाण्यात तो सापडला तर जनावर नुकतंच तिथे होतं. काठावरच्या वीस जागांवरून डावाने ३०-३० मिली पाणी एका निर्जंतुक पिशवीत घ्यायचं, पिशवी हलवायची आणि त्यातलं १५-१५ मिली सहा नळ्यांत भरायचं. डीएनए टिकावा म्हणून नळ्यांत आधीच अल्कोहोल असतं. पुढे प्रयोगशाळेत पीसीआर. करोनात नाकात काडी घालून तुमची केली होती ना, तीच. एकेका नमुन्याची बारा वेळा. बारांत एकदा जरी खूण मिळाली, तरी न्यूट आहे असं धरतात.

पाण्यात मात्र पाय घालायचा नाही. तळाचा गाळही ढवळायचा नाही, त्यात जुना डीएनए असतो. पहिल्याच आठवड्यात माझा पाय घसरला आणि बूट घोट्यापर्यंत पाण्यात गेला. तोच बूट घालून सकाळी दुसऱ्या तळ्यावर गेले होते! तिथला डीएनए इथे आला असेल तर निकालाचं काय? पिशवी फेकून दिली आणि पुढच्या आठवड्यात धुतलेल्या बुटांनी परत गेले. आपल्याकडे सोवळ्यात स्वयंपाक करताना आजी जितकी जपायची, तितकं जपावं लागतं. हातमोजेसुद्धा प्रत्येक तळ्याला नवे.

२०१३ साली इथे मोठी चाचणी झाली. जिथे न्यूट आहेत हे ठाऊक होतं, अशाच तळ्यांतलं पाणी तपासलं. शंभरात नव्याण्णव वेळा डीएनएने ते ओळखले. नुसत्या बॅटरीने किंवा नुसत्या सापळ्यांनी पंचाहत्तरच्या आसपास. पुढच्याच वर्षी सरकारी खात्याने पद्धत मान्य केली, पण नमुना १५ एप्रिल ते ३० जून यांतलाच हवा. म्हणून तर या दिवसांत मला सुट्टी नाही, आणि तुमच्या आंब्यांना मुकले.

खरं सांगू? पाणी तपासून 'आहे' एवढंच कळतं. एक आहे की शंभर, ते नाही. त्यासाठी अजूनही रात्री बॅटरी घेऊनच जावं लागतं. मागच्या शनिवारी गेले होते. इथे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, दहानंतर कुठे अंधार पडला. बॅटरीच्या झोतात एक नर तळाशी थांबलेला दिसला. शेपटीवर चंदेरी पट्टा, तुरा पाण्याबरोबर हलत होता. वीसेक तळ्यांचं पाणी भरून झालं होतं माझं, पण त्याला बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

तुमचं गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या. आणि आईला सांगा, तो डाव मी स्वयंपाकघरात आणत नाही.

तुमची,
मनू