लग्न त्यांचं, फलक तुमचा : महसूल मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : विशेष विवाह कायद्याखालच्या नोटिसा आणि त्या निमित्ताने उदारमतवादाबद्दल थोडंसं

साहेब, सप्रेम नमस्कार.

महसूल मंत्र्याला लोक पत्र लिहितात ते सातबाऱ्यासाठी, फेरफारासाठी, नाहीतर वाळूच्या तक्रारीसाठी. मी लिहितोय लग्नाबद्दल. नोंदणी व मुद्रांक विभाग तुमच्या खात्यात येतो आणि 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्नं लावणारे विवाह अधिकारी त्याच विभागाचे. ज्यांना भटजी किंवा काझी नको आहे, किंवा ज्यांच्यासाठी तो उभाच राहणार नाही, अशा जोडप्यांचे पुरोहित तुम्हीच आहात.

अशा लग्नांना मी साक्षीदार म्हणून जातो. कायद्याला तीन साक्षीदार लागतात, आणि घरच्यांशी फाटलेल्या मुलामुलींना कधी कधी तीन माणसं जमवणंच सगळ्यात जड जातं. त्यामुळे या कार्यालयांच्या बाकड्यांवर माझा बराच वेळ गेलाय, आणि समोरच्या भिंतीवरचा फलक वाचण्यातही. काचेआड टाचणीने लावलेले कागद, म्हणजे लग्न करू इच्छिणाऱ्या जोडप्यांच्या नोटिसा. प्रत्येकावर दोन फोटो, नावं, वय, व्यवसाय, अविवाहित की घटस्फोटित, सध्याचा पत्ता, कायमचा पत्ता. मध्यंतरी एका कार्यालयात एक तरुण मोबाईल काचेजवळ धरून या कागदांचे फोटो काढत होता. सगळ्यांचे नाही. आधी दोन्ही आडनावं वाचायचा, मग ठरवायचा. शिपायाने विचारलं, "तुमची नोटीस आहे का?" तो म्हणाला, "नाही, असंच बघतोय." शिपाई गेला आपल्या खुर्चीत परत.

शिपायाचं काही चुकलं नाही. कलम 6 प्रमाणे ही नोटीस कार्यालयात ठळक जागी लावायचीच असते आणि नोटिशींची वही कोणालाही, फी न भरता, पाहता येते. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मुलगा किंवा मुलगी मूळची दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही फलकावर लागते. ज्या गावातून मुलगी जीव मुठीत धरून निघाली, त्याच जिल्ह्याच्या ठिकाणी सरकार तिचा नवा पत्ता पोचवतं.

पुढचा हिशोबही बघा. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस दिल्यावर आणखी तीस दिवस थांबायचं. म्हणजे बीडहून किंवा जळगावहून पुण्यात आलेल्या जोडप्याने आधी खोली मिळवायची (लग्नाचा दाखला नसलेल्या, दोन धर्मांच्या जोडप्याला पुण्यात कोण खोली देतं ते मला विचारू नका) आणि मग दोन महिने जीव टांगणीला लावून बसायचं. त्या काळात कोणीही हरकत घेऊ शकतो. मुलीचा मामा, गावचा पुढारी, किंवा तो मोबाईलवाला. हरकत खोडसाळ ठरली तर अधिकारी दंड करू शकतो, जास्तीत जास्त एक हजार रुपये. 1954 साली हजार रुपयांना वजन होतं.

घरच्यांच्या संमतीने लग्न करणाऱ्या हिंदू जोडप्यांना यातलं काही नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाआधी जाहीर नोटीस नाही. मंगल कार्यालयात अक्षता पडतात, नोंदणी नंतर सवडीने होते. नोटीस नसेल तर फसवणूक होईल, पहिली बायको लपवली जाईल, असं तुमचे अधिकारी सांगतील. पण पहिली बायको लपवणारा मंगल कार्यालयातही लपवतोच की. त्याच्यासाठी फौजदारी कायदा आहे. विशेष विवाह कायद्यातही फसवून किंवा जबरदस्तीने केलेलं लग्न रद्द करून घेण्याची सोय आहे. आईवडिलांच्या काळजीची मी थट्टा करत नाही, माझ्या ओळखीत अशी काळजी करून आजारी पडलेली माणसं आहेत. पण सज्ञान मुलीच्या बापाची काळजी ही सरकारने काचेच्या फलकावर टाचण्याची गोष्ट नाही.

आता उदारमतवादाकडे येतो. हल्ली हा शब्द शिवीसारखा वापरतात आणि ज्यांना तो लागू होतो तेही जरा बिचकतात. उदारमतवादी माणसाला आंतरधर्मीय लग्नांचं कौतुक असावंच लागतं, असा एक समज आहे. तुम्हाला ही लग्नं अजिबात आवडत नसतील तरी माझी हरकत नाही. घरी जेवताना सांगा, कीर्तनात सांगा, भाषणातही सांगा. मंत्री म्हणून मात्र तुमच्याकडे मत मागितलेलं नाही, नोंद मागितली आहे. आपल्याला जे खात्रीने चूक वाटतं तेही दुसऱ्या सज्ञान माणसाला करू द्यायचं, आणि हातात असलेली सत्ता तिथे वापरायची नाही, एवढा संयम मला राज्यकर्त्याकडून हवा आहे. तो अवघड असतो हे मान्य. सत्ता नसताना सगळेच उदार असतात.

हे काही परकं खूळ नाही. 1887 साली मुंबई हायकोर्टाने रखमाबाईंना हुकूम केला की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. अकराव्या वर्षी लावून दिलेलं ते लग्न त्यांना मान्य नव्हतं. तुरुंगात जाईन, असं त्यांनी कळवलं. केवढा गदारोळ झाला तेव्हा! आपले थोर थोर पुढारी आणि त्यांची पत्रं त्यांच्याविरुद्ध तुटून पडली. आज त्यांचं नाव आपण आद्य महिला डॉक्टरांमध्ये अभिमानाने घेतो. आणि 1919 साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहांना कायद्याची मान्यता दिली, जेव्हा विठ्ठलभाई पटेलांचं त्याच आशयाचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात अडकून पडलं होतं.

न्यायमूर्ती रानड्यांचं उदाहरण तर मला फार छळतं. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणारा हा माणूस. 1873 साली पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. रानडे तेव्हा 31 वर्षांचे होते, सरकारी न्यायखात्यात मोठ्या पदावर होते. इतकी विद्वत्ता आणि इतका मान असलेला पुरुष घरच्या दबावापुढे टिकला नाही. मग मॉलमध्ये काउंटरवर काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीने तीस दिवस टिकावं, तेही पत्ता जगजाहीर करून, ही अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो?

आमच्या उदारमतवादी गोटातल्यांनाही यात सूट नको. मुलगी हिंदू आणि मुलगा मुसलमान असला की पत्रक निघतं, सह्या जमतात. मुलगी मुसलमान आणि मुलगा हिंदू असला आणि मोहल्ल्यातून धमक्या यायला लागल्या की तेच लोक "विषय नाजूक आहे" म्हणून फोन ठेवतात. साक्षीदार म्हणून मी दोन्ही प्रकारच्या लग्नांना गेलोय. भीती दोन्हीकडे सारखीच असते.

आता तुमच्या सरकारातलीच एक विसंगती. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये शक्ती वाहिनी या संस्थेच्या खटल्यात, अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष असावेत आणि सुरक्षित निवाऱ्याची सोय व्हावी, असं सांगितलं. त्याला धरून 2024 च्या अखेरीस आपल्या गृह विभागाने आदेश काढले. चांगलं केलं. पण परिस्थिती अशी आहे की गृह खातं जोडप्याचा ठावठिकाणा लपवायला निघालंय आणि महसूल खातं तोच ठावठिकाणा भिंतीवर लावतंय. तिसरीकडे डिसेंबर 2022 मध्ये महिला व बालविकास खात्याने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती जमवणारी समन्वय समिती काढली होती. टीका झाल्यावर काही दिवसांतच त्यातलं "आंतरजातीय" गाळलं आणि आंतरधर्मीय तेवढं ठेवलं. जातीबाबत लाज वाटली, धर्माबाबत वाटली नाही, असाच त्याचा अर्थ मी लावतो.

केंद्राचा कायदा आहे, आम्ही काय करणार, असं उत्तर येईल. बरंच करता येईल. कलम 50 खाली नियम करण्याचा अधिकार राज्याला आहे. कायदा कार्यालयातल्या फलकाबद्दल बोलतो, इंटरनेटबद्दल नाही. केरळने 2020 मध्ये अशा नोटिसा संकेतस्थळावर टाकणं थांबवलं, तसा स्पष्ट आदेश तुम्हीही काढू शकता. फोटो आणि फोन नंबर फलकावर लावू नयेत, घरच्या पत्त्यावर कसलंही पत्र जाऊ नये, आईवडिलांची संमती मागू नये, आणि कलम 4 च्या (वय, आधीचं लग्न, जवळचं नातं अशा) अटींशी संबंध नसलेली हरकत दाखलच करून घेऊ नये, एवढं एका परिपत्रकात मावतं. अलाहाबाद हायकोर्टाने जानेवारी 2021 मध्ये तर जोडप्याने मागितली तरच नोटीस प्रसिद्ध करा, असं म्हटलं. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्राबरोबर राज्यालाही कायदा करता येतो. कलम 6 मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून ती राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवता येते.

परिपत्रकाला तुमची सही पुरेल. दुरुस्तीचं विधेयक मात्र सभागृहात आणावं लागेल, आणि ते आणलंत तर स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या विरोधी बाकांवरून किती हात वर होतात, हे बघायला मी प्रेक्षक गॅलरीचा पास काढून येईन.

आपला नम्र,
नोंदणी विवाहांचा एक साक्षीदार, पुणे