सातपुड्यातल्या वस्तूंचं दालन नंदुरबारातच व्हायला हवं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या पट्ट्यात हाताने बनवलेल्या ज्या वस्तू अजून घराघरात आहेत त्या रीतसर विकत घेऊन, कोणी बनवल्या ते लिहून ठेवून, नंदुरबारात त्यांचं कायमचं दालन उभं राहावं, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहितोय. मागणी जुनीच आहे, बरेच जण बोलतात, पण नैरोबीतली एक गॅलरी बघून आल्यापासून मला गप्प बसवत नाहीये.

मुलगी-जावई नोकरीनिमित्त तिकडे असतात म्हणून केनियाला जाणं झालं. लोक तिकडे सिंह आणि हत्ती बघायला जातात, आम्हीही बघितले, पण मनात घर करून बसली ती शहराच्या ऐन गर्दीत, मोई ॲव्हेन्यूवर, नॅशनल अर्काइव्हजच्या खालच्या मजल्यावरची मुरुंबी गॅलरी. जुनी बँकेची बिल्डिंग आहे, बाहेर मटाटूंचे हॉर्न (मटाटू म्हणजे तिकडची काळीपिवळी समजा) आणि आत शिरलं की सगळ्या आफ्रिकेतून गोळा केलेले मुखवटे, दागिने, वाद्यं, रोजच्या वापराच्या वस्तू.

जोसेफ मुरुंबी हा माणूस आपल्याकडे कोणाला फारसा माहीत नाही, आणि माहीत असायला पाहिजे. वडील गोव्याचे व्यापारी, आई तिकडच्या मसाई जमातीची, शाळा बंगळुरात, पुढे केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात आणि १९६६ साली देशाचा उपराष्ट्रपती. त्याच वर्षी पद सोडलं, आणि मग १९७२ मधे ॲलन डोनोव्हन या अमेरिकन मित्राबरोबर नैरोबीत आफ्रिकन हेरिटेज नावाची गॅलरी काढली, कारागिरांचा माल तिथे मानाने विकला जायचा. स्वतःचा संग्रह केवढा, तर नुसती पुस्तकंच पन्नास हजारांच्या वर. तो संग्रह घ्यायला बाहेरच्या देशातून ऑफर आल्या होत्या, चांगल्या पैशाच्या, पण त्यांनी त्या नाकारल्या आणि कमी पैशात आपल्याच सरकारला दिला. मला हे फार मोठं वाटतं. कारण वस्तू एकदा देशाबाहेर गेली की ती परत आणायला काय लागतं ते बेनिनवाल्यांना विचारा. आजच्या नायजेरियातलं हे राज्य १८९७ मधे ब्रिटिश फौजेने लुटलं, राजवाड्यातले पितळेचे हजारो पुतळे आणि पट्ट्या युरोपभर गेल्या, त्यातल्या वीसेक वस्तू जर्मनीने परत दिल्या त्या २०२२ मधे. सव्वाशे वर्षं लागली, आणि बाकीचं बरंचसं अजून बाहेरच आहे.

एक वस्तू मी खूप वेळ बघत उभा होतो. तुर्काना लोकांचं लाकडी उसं, आपल्या पाटापेक्षाही लहान, एकाच लाकडातून कोरलेलं, वर किंचित खोलगट, हातात धरायला चामड्याची वादी. दिवसा गुरांमागे फिरताना त्यावर बसायचं आणि रात्री त्यावरच मान टेकून झोपायचं, कारण त्यांच्या पुरुषांची डोक्यावर मातीने लिंपून केलेली केशरचना जमिनीला लागून मोडायला नको. खोलगट भाग मानेच्या घामाने, तेलाने काळाभोर गुळगुळीत झालेला. कोणीतरी आयुष्यभर वापरलंय ते. शोकेसमधे ठेवण्यासाठी बनवलेली वस्तू आणि वापरलेली वस्तू यातला फरक बघताक्षणी कळतो.

आणि भोपळे! दुधाचे भोपळे तिकडे किती प्रकारचे, कवड्या लावलेले, मणी ओवलेले, एकाला तडा गेलेला तर तो चक्क दोऱ्याने टाके घालून शिवलेला. कालेंजिन लोक भोपळ्याच्या आतून ठराविक झाडाच्या जळक्या काडीचा कोळसा घासतात आणि मग त्यात दूध मुरवतात, त्या दुधाला मुर्सिक म्हणतात, ते बरेच दिवस टिकतं आणि रंगाने थोडं निळसर राखाडी दिसतं. मला लगेच आपली अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी आठवली. कमरेला वाळलेले भोपळे नि घुंगरं बांधलेला, अंगभर ठिपके काढलेला, डोक्यावर बांबूचा नि मोरपिसांचा उंच टोप घातलेला, होळीत नाचणारा बुध्या, आणि त्यासाठी कितीतरी दिवस आधीपासून पाळणी (व्रताचे नियम) करणारी ती पोरं. आणि डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला फुंकून वाजवतात ती पावरी, तीही भोपळ्याचीच, भोपळा पोखरून त्यात बांबूच्या नळ्या बसवायच्या, मेणाने पक्क्या करायच्या, पुढे बैलाचं शिंग. ती करणारे म्हातारे आता बोटावर मोजण्याइतके उरलेत असं मला त्या भागात फिरताना दिसतं, आणि ते गेले की शिकायचं कोणाकडून?

मसाई मार्केट म्हणून तिकडे बाजार भरतो, रोज वेगळ्या ठिकाणी, तिथे कियोंडो नावाच्या टोपल्या मिळतात, घायपाताच्या दोऱ्याच्या, बुडाच्या मधोमध सुरुवात करून गोल गोल विणत वर येतात. बाया चालता-बोलता विणतात आणि पट्टा कपाळावर अडकवून पाठीवर ओझं नेतात. घायपात आपल्या बांधावर काय कमी आहे का, दोरखंडं आपणही वळायचो, आता नायलॉन आलं.

चांदीचं तर बोलायलाच नको. आपल्याकडच्या पावरा जमातीच्या बायांच्या दंडातल्या वाक्या, गळ्यातल्या जाड साखळ्या, पायातली कडी, भाव वाढला की हे सगळं मोडीत जातं, वजनावर. अडचणीत माणूस विकणारच, त्याला दोष नाही, पण मोड म्हणून वितळवण्याआधी चार पैसे जास्त देऊन घेणारं कोणीतरी हवं ना. शहरातले व्यापारी येतात, जुनी लाकडी कामं, दागिने उचलतात आणि मोठ्या शहरात कितीतरी पटीने विकतात. बेनिनमधून तोफा लावून नेलं, इकडे शंभराच्या नोटा देऊन नेतात.

भोपाळला २०१३ पासून मोठं जनजातीय संग्रहालय आहे, पुण्यात आदिवासी संशोधन संस्थेचं आहे, दोन्ही चांगली आहेत. पण मोलगीच्या पोराने आपल्या आजोबाची पावरी बघायला पुण्याला जायचं का? धुळ्याच्या लोकांनी १९२७ मधे राजवाडे संशोधन मंडळ काढलं आणि इतिहासाचार्यांची कागदपत्रं आजवर जपली, म्हणजे हे काम खान्देशाला जमत नाही असं अजिबात नाही.

दालन करताना एक गोष्ट मात्र नक्की करावी. आफ्रिकेच्या वस्तू जगभरच्या म्युझियममधे ठेवल्यात, पण बहुतेक ठिकाणी पाटीवर जमातीचं नाव असतं, बनवणाऱ्याचं नसतं, कारण नेणाऱ्यांनी ते कधी विचारलंच नाही. आपल्याकडे बनवणारे अजून हयात आहेत. नुसतं ‘भिल्ल’ किंवा ‘पावरा’ लिहून चालणार नाही, माणसाचं नाव, गाव, पाडा, कशापासून केलं, किती दिवस लागले, त्याच्या तोंडून ऐकून लिहा, आवाज रेकॉर्ड करा, मोबाइल सगळ्यांकडे आहेत. आणि पैसे थेट त्याच्या हातात द्या, मधे कोणी नको.

जिल्हा नियोजनाच्या पैशात एक हॉल आणि दोन-तीन स्थानिक शिकलेली पोरं-पोरी नेमणं काही अशक्य नाही. सुरुवात होळीच्या आधी भरणाऱ्या येत्या भोंगऱ्या बाजारापासून करता येईल, तेव्हा सगळा डोंगर खाली उतरलेला असतो. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा, लोकप्रतिनिधींना याबद्दल विचारावं, आणि ज्यांच्या घरात अशा वस्तू आहेत त्यांनी तोवर त्या मोडू नयेत ही हात जोडून विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, शहादा (जि. नंदुरबार)