बापू, मागचे दोन टायर घेण्याआधी

धुळे,
आखाजीनंतरचा सोमवार

प्रिय बापू,

राम राम. इकडे बठ्ठं बरं शे. आईचे गुडघे होते तसेच, माझं बीपी गोळीवर. झालं तब्येतीचं.

तू फोर्डची मस्टँग घेतलीस आणि मागे ड्रॅग रेडियल, म्हणजे ड्रॅगच्या सरळ पट्टीवरच्या शर्यतीसाठीचे अगदी मऊ टायर, टाकायचं म्हणतोस, हे आप्पाकडून कळलं. तेव्हापासून डोक्यात तेच. घरात विषय काढला तर म्हणतील, टायरच ना, टाक कोणतेही. हे तुझ्याशीच बोलता येतं. कॉलेजपासूनचं आपलं भांडण हेच तर आहे, टायरची पकड कशाने वाढते: तू रुंदी म्हणायचास, मी रबर म्हणायचो. या वेळी मला ते जिंकायचंच आहे, कारण शेजारी वहिनींना बसवून तू भर पावसात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणार, आणि तसाच उतरणार.

तुझी तक्रार खरी आहे. पाच लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, ५१५ न्यूटन मीटर टॉर्क, आणि तो सगळा मागच्या दोन चाकांवर. जरा दाबलं की चाकं जागीच फिरतात. पण नवीन टायर शोधण्याआधी आहेत त्यांचं वय बघ. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, ‘DOT’ अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. सेकंडहँड गाडीला नक्षी भरपूर दिसते आणि रबर मात्र वाळून कडक झालेलं असतं. आपल्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीचं तर लवकरच. नख रुतवून बघ. तसं असेल तर त्याच मापाचे ताजे टायर घातल्यावरच निम्मी तक्रार मिटेल.

आता रबराचं. साइडवॉलवर ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा असतो. लहान आकडा म्हणजे मऊ रबर, पकड जास्त, आयुष्य कमी. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे अगदी तोलून मापू नकोस. अंदाज मात्र येतो. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४एसवर ३००, योकोहामाच्या ए०५२ वर २००, टोयोच्या आर८८८आरवर १००, आणि नीटोच्या एनटी०५आर या ड्रॅग रेडियलवर चक्क ००. शेजारचं ट्रॅक्शनचं, म्हणजे पकडीच्या श्रेणीचं, ‘एए’ किंवा ‘ए’ बघून भुलू नकोस. ती चाचणी ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून घेतात, वळणाबद्दल त्यातून काही कळत नाही.

तुझ्या बेतातली खरी भीती अशी. मागे ड्रॅग रेडियल आणि पुढे कंपनीचे साधे टायर, अशी गाडी कोरड्यात एक वागते आणि ओल्यात नेमकी उलटी. कोरड्या वळणावर मागचं चाक पकड सोडत नाही, पुढचं आधी सोडतं, गाडी वळणाबाहेर सरळ जायला बघते. महिनाभरात तुझ्या हाताला तीच सवय लागेल. मग जूनचा पहिला पाऊस. ड्रॅग रेडियलला पाणी काढायला चऱ्या मोजक्याच, म्हणून आता मागचं आधी सुटतं आणि गाडी शेपूट फेकते. सवयीच्या हातांना ते वेळेत सावरत नाही. त्यात आपल्याकडे ट्रॅक्टरनी शेतातून आणलेला काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर. स्टॅबिलिटी कंट्रोल आहे म्हणशील, पण तोसुद्धा मुख्यतः चाकांना ब्रेक लावून गाडी सावरतो. पकडच नसेल तर ब्रेक लावून काय होणार?

आणि कोणी सांगेल की मागे २० ची हवा ठेव, चिकटते. ड्रॅगच्या पट्टीवर तसं करतात, तिथे ते बरोबर आहे. रस्त्यावर नाही. विमानाच्या चाकांसाठी काढलेलं एक जुनं सूत्र आहे: साचलेल्या पाण्यावर चाक कोणत्या वेगाला तरंगायला लागतं ते हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. ३२ च्या हवेला तो वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, २० च्या हवेला ७५. हे गुळगुळीत चाकाचं गणित आहे. चांगली नक्षी असेल तर वेग वाढतो, पण ड्रॅग रेडियलला ती नक्षी असते कुठे? धुळे-चाळीसगाव रस्त्यावर तू ७५ ने जाणार आहेस का?

हवा भरायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. दहा अंश तापमानाला साधारण दीड पाउंडाचा फरक पडतो. इथे जानेवारीत पहाटे ८ अंशांवर भरलेली ३२ ची हवा मे महिन्याच्या पहाटे ३५ दाखवते. दुपारी तापलेल्या टायरमधली हवा काढायची नाही. उलट थंडीतलं हेही लक्षात ठेव: मऊ उन्हाळी रबर ७-८ अंशांखाली कडक होतं. पहिले काही किलोमीटर गाडी हळू घे.

रुंदीचं शेवटचं सांगतो. मागे २७५/४० आर १९ (रुंदी २७५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिम १९ इंची) असतील तर बाहेरचा व्यास साधारण ७०३ मिमी होतो. ३०५/३५ आर १९ घेतलास तर ६९६, म्हणजे एक टक्काही फरक नाही. पण ३०५/३० घेतलास तर ६६६. पाच टक्क्यांनी चाक लहान, स्पीडोमीटर जास्त दाखवणार, पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांचा हिशेब बिघडून ट्रॅक्शन कंट्रोल उगाच मध्ये येणार. आणि साडेनऊ इंची रिमवर ३०५ चढवूच नकोस. साइडवॉल आत ओढली जाते, मधला भाग फुगतो, जमिनीला टेकणारी जागा वाढायच्या ऐवजी कमी होते. शिवाय जून २०२० पासून कारच्या नवीन टायरची आयात परवान्याखाली आहे, म्हणून आडमाप घेऊन ठेवलंस तर एक फाटल्यावर जोडी जुळवत बसशील.

माझं म्हणणं: कंपनीच्याच मापात चारही चाकांना एकाच मॉडेलचे, ३०० च्या आसपास ट्रेडवेअरचे टायर. पाऊस सोडून गाडी काढणार असशील, तर चारही २०० वाले. ड्रॅग रेडियलची हौस असेल तर मागची दोन रिम वेगळी घे, पट्टीवर नेऊन तिथेच बदल आणि येताना परत काढ. एक मात्र कधीच नको, एका टोकाला रेडियल आणि दुसऱ्या टोकाला बायस-प्लाय (आतले धागे तिरके असलेला जुन्या पद्धतीचा टायर). आणि पकड वाढली की मागचं चाक सुटता-धरता उड्या मारायला लागतं, म्हणजे व्हील हॉप. त्या हादऱ्यांनी हाफ शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारे दांडे, तुटतात. चाक उडायला लागलं की त्याच क्षणी पाय काढ.

बसवताना आधी अलाइनमेंट. मागचं टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) बिघडलेलं असेल तर मऊ रबर आतून आधी संपतं आणि वरून बघून कळत नाही. चाकाचे नट २०४ न्यूटन मीटरला, टॉर्क रेंचनेच (ठरल्या जोरालाच आवळणारा पाना). गन मारून ‘झालं’ म्हणणाऱ्याला थांबव. दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा तपास. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात पळवू नकोस, नव्या टायरवर साच्याचा गुळगुळीतपणा असतो.

पिंकीचा बारावीचा निकाल कळव. तुझ्या बोअरला पाणी लागलं का? लिंबाची बाग टिकली म्हणे, बरं झालं. आप्पांना मागच्या सीटवर बसवू नकोस, त्यांचे गुडघे कानाला लागतील. वहिनींना नमस्कार.

तुझा,
भाऊ

ता. क. मऊ रबरात गिट्टी रुतून बसते. आठवड्याला एकदा चऱ्या साफ कर. पंक्चर झालंच तर बाहेरून स्ट्रिप ठोकून समाधान मानू नकोस. टायर उतरवून आतून मशरूम पॅच (देठ भोकात आणि टोपी आत चिकटणारं ठिगळ) लाव, तोही भोक मधल्या भागात आणि सहा मिमीपेक्षा लहान असेल तरच. खांद्याला किंवा साइडवॉलला लागलं असेल तर तो टायर गेला.